दगडी फळाची कॉफी

बंगळुरात नोकरीला असलेल्या मुलाचं पार्सल आलं तेव्हा सासूबाई ओट्याशेजारी खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. पार्सलमधून कॉफीच्या दाण्यांची पाव किलोची पिशवी निघाली. पिशवीच्या पोटावर शर्टाच्या बटणाएवढी एक गोल झडप होती. पिशवी दाबली की तिच्यातून वासाचा एक सुस्कारा बाहेर पडे. आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) पिशवी दोनदा दाबून हुंगली आणि विचारलं, "काय लिहिलंय गं यावर?"

मी वाचत गेले. चिकमगळूर. उंची १२०० मीटर. भाजल्याची तारीख. आणि त्याखाली, जिथे आपल्याकडच्या पुड्यांवर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' एवढंच असतं, तिथे चक्क चव लिहिली होती : जॅस्मिन, ब्ल्यूबेरी, स्टोन फ्रूट.

"म्हणजे?"

"म्हणजे जाईचा वास, एका परदेशी निळ्या फळाची चव आणि..." इथे मी अडखळले. पीच, जर्दाळू, आलुबुखार अशा कडक कोयीच्या फळांना इंग्रजीत तसं म्हणतात, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी तोंडातून निघून गेलं, "...दगडी फळ."

आईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "दगडाच्या फळाचे किती घेतले?"

किंमत मी आजतागायत सांगितलेली नाही.

सांगलीतल्या आमच्या घरी कॉफी नव्हती असं नाही. चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची, एवढाच भेद. एकादशीला कॉफी, मुलांच्या परीक्षेच्या रात्री कॉफी, तापातून उठलेल्या माणसाला कॉफी, आणि पाहुणे जरा वरच्या थरातले असले तर त्यांनाही कॉफी. कृती ठरलेली : दूध, साखर, चमचाभर पूड, दोन उकळ्या आणि वरून किसलेलं जायफळ. या कॉफीत कॉफीला काम फार थोडं असे. दुधाला रंग द्यायचा आणि जायफळाला सोबत करायची. जायफळाने झोप येते आणि कॉफीने उडते, यावर घरात दुमत नव्हतं; तरी परीक्षेच्या रात्री दोन्ही एकाच कपात घालून मुलांना दिली जात. निकाल पाहता जायफळच जिंकत असावं.

आईंच्या माहेरी, तासगावला, या दाण्यांना बुंद म्हणत. अरबीतला 'बुन' असा फिरत फिरत द्राक्षांच्या गावापर्यंत आला. दाणे आपल्या देशात आले ते मात्र लपूनछपून. येमेनच्या मोखा बंदरातून बाबा बुदन या सूफी फकिराने सात दाणे दडवून आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरले, अशी सतराव्या शतकातली कथा सांगतात. त्या डोंगरांना आजही त्याचंच नाव आहे. त्याने सात दाण्यांत एका देशाची सोय केली. माझ्याकडे पाव किलो होते आणि एक कप जमत नव्हता.

पार्सलात दाण्यांबरोबर चिनी मातीचं एक नरसाळंही होतं, आणि त्यात बसणाऱ्या कागदी शंकूंचा गठ्ठा. नवऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "रॉकेलच्या नरसाळ्याला एवढा थाट नव्हता." नरसाळ्याचं नाव व्ही-सिक्स्टी. जपानच्या हारिओ कंपनीचं. त्याच्या भिंतींमधला कोन ६० अंशांचा, म्हणून हे नाव. आतून नागमोडी वळ्या असतात, त्यामुळे कागद भिंतीला चिकटत नाही आणि हवेला वाट मिळते.

कागदातून कॉफी गाळायची कल्पना मात्र एका गृहिणीची. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ बाईंनी पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद काढून त्यात बसवला आणि कपाच्या तळाशी साचणाऱ्या गाळाचा बंदोबस्त केला. त्याच वर्षी रीतसर नोंदणीही करून घेतली. भांड्याला भोक पाडणारी आणि मुलाच्या वहीचा कागद फाडणारी बाई मला अगदी ओळखीची वाटली. नोंदणी करून घेणारी मात्र आमच्यात अजून निघायची आहे.

पहिली चूक मिक्सरची. दाणे मी चटणीच्या भांड्यात घातले आणि बटण दाबलं. झाकण उघडलं तेव्हा काही दाण्यांची पिठीसाखर झाली होती आणि काही तुरीच्या डाळीएवढे शाबूत होते. ही पूड कागदात घालून वरून पाणी ओतलं. पाणी थोडं उतरलं आणि थबकलं. पाच मिनिटं झाली, सात झाली. आई पाहत होत्या. म्हणाल्या, "झारीत शुक्राचार्य बसलेत." अगदी तसंच होतं. बारीक धूळ कागदाच्या छिद्रांत जाऊन बसली होती आणि पाण्याची वाट अडवून होती. वामनासारखी दर्भाची काडी घालून डोळा फोडण्याची सोय इथे नव्हती. कागद फाटला असता.

मग हाताने फिरवायची छोटी चक्की मागवली. आईंनी ती उघडून आत बोट फिरवलं आणि निकाल दिला, "हे जातंच की." खरं होतं ते. मिक्सरचं पातं दाण्याला झोडपतं; जो सापडेल तो चूर होतो, जो उडेल तो वाचतो. चक्कीत दोन दातेरी चकत्या असतात आणि त्यांच्यातल्या फटीतूनच दाण्याला जावं लागतं. फट कमी-जास्त केली की दळण बारीक-जाड होतं. "जात्याला टाकी लावलेली असली की पीठ एकसारखं पडतं. बोथट झालं की काही कणी, काही धूळ," आई म्हणाल्या. ज्या गोष्टीसाठी तरुण मंडळी इंटरनेटवर तासन्‌तास भांडतात, ती त्यांनी चक्कीचं झाकण लावता लावता सांगून टाकली. दळणाचं कामही त्यांनी आपणहून घेतलं. पंधरा ग्रॅम दाणे मिनिटभरात संपतात. पहिल्या दिवशी त्यांनी रिकामी चक्की हलवून पाहिली. "एवढंच? एक ओवीसुद्धा पुरी व्हायची नाही."

दळणाची मापंही त्यांच्यामुळे सोपी झाली. पुस्तकी भाषेत 'मीडियम फाइन', 'मीडियम कोर्स' असं काहीबाही असतं. आमच्या घरात लापशीचा रवा, बारीक रवा, लाडवाचं रवाळ बेसन आणि मैदा अशा चार पायऱ्या ठरल्या. नरसाळ्याला बारीक रवा. पुढे घरात आलेल्या फ्रेंच प्रेसला लापशीचा रवा. मोका पॉटला रवाळ बेसन. मैदा तुर्की कॉफीचा, ती पूड न गाळता भांड्यातच उकळतात. ते आमच्याकडे कोणी करत नाही.

दुसरी चूक मात्र चक्कीची नव्हती, माझी होती.

पंधरा ग्रॅम पूड, दोनशे चाळीस मिलिलिटर पाणी, म्हणजे एकास सोळा. हे प्रमाण बहुतेक सगळीकडे थोड्याफार फरकाने सांगतात. काटा आणला, घड्याळ लावलं, लांब चोचीची किटली आणली (तिला घरात आता झारीच म्हणतात), आणि कप तयार झाला. रंग तांबूस, वास उत्तम. आईंना चहाशिवाय काही लागत नाही. पण चमचाभर चाखायला त्यांनी कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. चमचा तोंडात गेला आणि एक डोळा आपोआप मिटला.

"आंबटढाण!"

मी म्हटलं, "आई, ते ब्ल्यूबेरी असेल."

"ब्ल्यूबेरी नाही आणि काही नाही. कच्चं राहिलंय."

कॉफी कच्ची कशी राहील, दाणे भाजलेले आहेत, पाणी उकळलेलं आहे, असं मी मनात म्हटलं. नंतर वाचलं आणि कानाची पाळी धरली. भाजलेल्या दाण्याचा साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण सगळा ओढून काढायचा नसतो. १८ ते २२ टक्के उतरला की चव जुळते, असं यातले जाणकार मानतात. त्यातही उतरण्याचा क्रम असतो. आधी आंबट द्रव्यं निघतात, मागून गोडवा येतो आणि कडू-तुरट सगळ्यात शेवटी. दळण जाड राहिलं तर पाणी भरभर खाली जातं, आंबट तेवढं घेऊन निघून जातं आणि गोडव्याला बाहेर पडायची संधीच मिळत नाही. म्हणजे कच्चंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी चिडून सगळंच बदललं. दळण बारीक, पाणी रटरटतं, पूड वीस ग्रॅम, आणि ओतायचीही अगदी संथ धार. आईंनी चमचा तोंडात घातला आणि दुसरा डोळा मिटला. "कडूजहर." मग मला समोर बसवून त्या म्हणाल्या, "आमटीत मीठ, तिखट आणि चिंच तिन्ही एकदम वाढवलीस, तर बिघडली कशाने हे कसं कळायचं? एका वेळी एक."

त्या दिवशी दुधाच्या हिशोबाची जुनी वही काढून मी तिच्या मागच्या पानांवर रकाने आखले. तारीख, दाणे, दळण, पूड, पाणी, वेळ आणि शेरा. शेऱ्याचा रकाना आईंचा.

या रकान्याने मला जे शिकवलं ते सगळ्या पिशव्यांवरच्या सगळ्या मजकुरांनी मिळून शिकवलं नाही. कॉफीची इंग्रजी वाचताना मी नेहमी परक्या घरात बसल्यासारखी वाचत होते. या जिभेला ब्ल्यूबेरी कुठे माहीत आहे? पण आईंच्या तोंडून एकेक शब्द निघाला की कळायचं, आपल्याकडे तर बिघाड ओळखायची आख्खी पेटी तयार आहे. आंबटढाण म्हणजे उतरली नाही : दळण बारीक करा किंवा पाणी आणखी गरम घ्या. कडूजहर म्हणजे वाजवीपेक्षा जास्त उतरली : दळण जाड करा. तुरट, जिभेवर सुपारी चघळल्यासारखी, म्हणजे धूळ फार झाली. करपट म्हणजे दोष तुमचा नाही, दाणे भाजणाऱ्याचा हात जड आहे. मिळमिळीत म्हणजे दाणे शिळे.

आणि पाणचट म्हणजे फक्त पाणी जास्त झालं. इथे मी सगळ्यात जास्त दिवस फसले. पाणचट कॉफी आणि कच्ची कॉफी या मला एकच वाटत. पाणचट वाटली की दळण बारीक करायची, मग ती पाणचट राहून वर कडूही व्हायची. शेवटी आईंनीच गाठ सोडवली. "आमटी पातळ आहे म्हणून डाळ कच्ची असते का? डाळ शिजलेली असूनही आमटी पातळ होते, आणि घट्ट आमटीतही डाळ कच्ची राहते." पातळपणाचा उपाय पूड वाढवणं, कच्चेपणाचा उपाय दळण बदलणं. दोन वेगळे खटके, दोन वेगळे दिवे.

पाण्याचाही दोष त्यांनीच पकडला. नळाला पाणी नव्हतं त्या आठवड्यात मी बोअरचं वापरलं आणि कॉफीतला सगळा तजेला गेला. "ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात तुझा बुंद काय शिजणार?" जड पाण्यातले क्षार कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात, हे शास्त्रही त्याच बाजूचं निघालं.

ताजेपणाची परीक्षा तेवढी मला एकटीला जमली, कारण ती डोळ्यांची आहे. पुडीवर आधी तिच्या दुप्पट वजनाचं पाणी ओतून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं. दाणे ताजे भाजलेले असतील तर त्यांच्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पूड टम्म फुगते, तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेल्या भाकरीसारखी. पिशवीवरची ती गोल झडपही याच वायूला बाहेर जायला दिलेली वाट. महिनोन्‌महिने दळून पडलेली पूड फुगत नाही. ओल्या मातीसारखी बसून राहते. म्हणून दाणे घेताना मी आता चवीच्या आधी भाजल्याची तारीख वाचते, आणि चार आठवड्यांत संपतील एवढेच घेते.

आता निवडीचं. पहिल्या पिशवीनंतर मुलाने हौसेने वेगवेगळ्या पाठवल्या आणि वहीचा शेऱ्याचा रकाना भरू लागला.

कॉफीचं फळ चेरीसारखं लाल असतं, आत बहुधा दोन बिया, एकमेकींना पाठमोऱ्या नव्हे तर सपाट बाजू लावून. कधी एकच गोल बी तयार होते, तिला पीबेरी म्हणतात. फळाचा गर काढून, आंबवून, बिया धुऊन वाळवल्या की चव स्वच्छ आणि जराशी आंबूस येते. आपल्या बाजारात अशा अरेबिकाला 'प्लांटेशन' म्हणतात. पुढे ए, डबल ए लिहिलेलं असतं ते दाण्याचं आकारमान, चवीचे गुण नव्हेत. आणि फळ अख्खंच उन्हात वाळवलं की गराचा गोडवा बीत मुरतो. या अख्ख्या वाळवलेल्या अरेबिकाचा चमचा तोंडात घेऊन आई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये शिरलं की येतो ना, तो वास." पिशवीवर लिहिलं होतं : वाइनी, बेरी. द्राक्षं दोघांनाही सापडली. एकाने त्यांची दारू केली, एकाने बेदाणे.

मग आली मॉन्सून्ड मलबार. हिची गोष्ट मोठी मौजेची. शिडाच्या जहाजांच्या काळात आपली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिन्यांनी युरोपला पोचे. वाटेत समुद्राची दमट हवा खाऊन दाणे फुगत, पिवळट पडत आणि त्यांचा आंबटपणा निघून जाई. तिकडच्या लोकांना तीच चव लागली. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, प्रवास आटोपशीर झाला, दाणे हिरवेगार पोचू लागले आणि गिऱ्हाईक नाराज झालं. मग आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उघड्या बाजूंच्या गोदामांत पावसाळाभर दाणे पसरून, वरचेवर वरखाली करून, त्यांना मुद्दाम पावसाळी वारं खाऊ घालायची पद्धत पडली. या कॉफीला आता भौगोलिक मानांकनही आहे. मी हे सगळं रंगवून सांगितलं. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सादळवतात?"

"हो, तसंच म्हणायचं."

"जन्मभर आम्ही पापड सादळू नयेत म्हणून डबे बदलत बसलो. आणि हे सादळवून वर जास्त पैसे घेतात."

पण चव त्यांना पटली. "काकवी. आणि भाजक्या शेंगदाण्याची साल." आंबट अजिबात नाही, जड, दुधाला साजेशी. मी तोवर या कॉफीवर 'लो ॲसिडिटी, फुल बॉडी' असं कितीदा वाचलं होतं. काकवी म्हटल्यावर ती मला पहिल्यांदा लागली.

रोबस्टाला त्या उग्र म्हणाल्या, तेही बरोबरच. तिच्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असतं. देशात पिकणाऱ्या कॉफीत दोन तृतीयांशांहून जास्त तीच, पण नाव घेऊन कोणी तिला बोलावत नाही. मिश्रणात घालून फेस आणि जाडी तिच्याकडून काढून घेतात. एकत्र कुटुंबात अशी एक काकू असतेच. आंध्रातल्या अराकूची कॉफी आली, तिला "करवंद, अर्धं पिकलेलं" असा शेरा मिळाला. विदर्भात चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडं आहेत हे ऐकल्यापासून आई ती पिशवी कधी येणार म्हणून विचारत असतात. आपल्या माणसाच्या हातची चाखायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

उपकरणं वाढत गेली ती याच ओघात. फ्रेंच प्रेस आला. नाव फ्रेंच असलं तरी आजच्या रूपाच्या जवळपास जाणाऱ्या प्रेसचं पेटंट १९२९ साली मिलानच्या दोघांनी घेतलं होतं. चार मिनिटं पूड पाण्यात बुडवून ठेवायची आणि जाळीचा दट्ट्या खाली दाबायचा. चुकायला जागा सगळ्यात कमी. ज्यांना सकाळी कोणाशी बोलायची इच्छा नसते त्यांनी हाच घ्यावा. मोका पॉट १९३३ सालचा, इटलीतल्या बियालेटींचा, अष्टकोनी. खालच्या पाण्याची वाफ पाण्याला पुडीतून वर ढकलते. गुडगुड ऐकू आली की गॅस बंद करायचा, नाहीतर करपट. हे भांडं जगभर पोचवणारे बियालेटींचे चिरंजीव २०१६ साली वारले, तेव्हा त्यांच्या अस्थी मोका पॉटच्याच आकाराच्या कलशात ठेवल्या. हे ऐकल्यावर नवरा ओट्यावरच्या गर्दीकडे पाहून म्हणाला, "तुझ्या वेळी आमची निवडीत पंचाईत होणार."

त्याची स्वतःची पंचाईत मात्र डॉक्टरांनी केली. त्याचं कोलेस्टेरॉल काठावर आहे. उकळलेल्या आणि जाळीतून गाळलेल्या कॉफीत दाण्यातलं तेलकट द्रव्य उतरतं, त्यातलं कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते बरंचसं अडवतो. म्हणून त्याने प्रेस सोडून नरसाळ्यातली कोरी प्यावी असा माझा आग्रह होता. तो दोन दिवस प्यायला, नंतर आजारी माणसासारखा दिसू लागला. त्याला हवी असते उडप्याकडची : दाट, दुधाची, फेसाची. ती दाक्षिणात्य फिल्टरचीच. एकावर एक बसणारी दोन स्टीलची भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. पूड, गरम पाणी, झाकण. रात्री लावून झोपलं की सकाळी खाली अर्क तयार. आणि त्यात चिकोरी हवीच. ती कॉफी नव्हे, भाजलेलं मूळ. रंग, दाटपणा आणि एक कडवट गोडी देते, कॅफीन मुळीच नाही. कायद्याने ती ४९ टक्क्यांपर्यंत घालता येते, म्हणून पुडा घेताना टक्के वाचावेत. आमच्याकडे ऐंशी-वीस. चिकोरीला शुद्धतावादी नाक मुरडतात. मीही मुरडत होते, मग एकदा नवऱ्याच्या कपातला घोट घेतला आणि गप्प बसले.

एवढं झाल्यावर मी दाणे बरण्यांत भरले आणि चिठ्ठ्या लावल्या. पिशवीवरचं नाव लिहिलं तर घरात कोणाला कळत नव्हतं, म्हणून वहीतले शेरेच लिहिले. एका बरणीवर 'काकवी-शेंगदाणे'. दुसरीवर 'करवंद'. तिसरीवर 'बेदाण्याची शेड'. चौथ्या डब्यावर 'उडपी (ह्यांची)'.

गेल्या एकादशीला आईंचं भजनी मंडळ आमच्याकडे होतं. नऊ जणी. भजनाच्या आधी पेटीवाल्या मावशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या आणि बरण्यांपुढे थांबल्या. थोड्या वेळाने दुसऱ्या आल्या, मग तिसऱ्या. यातल्या एकीनेही जन्मात नरसाळ्यातली कोरी कॉफी प्यायलेली नव्हती. बंगळुरातल्या एखाद्या कॉफीच्या दुकानात उभं केलं असतं तर सगळ्यांनी "तुम्हाला बरी वाटेल ती द्या" म्हटलं असतं. इथे मात्र कोणी क्षणभरही घुटमळलं नाही.

"मला ती काकवीची दे गं."

"आम्हाला करवंदाची. साखर कमी."

"मला आंबट चालत नाही, छातीत जळजळतं. बेदाण्याची आंबट आहे का?"

मी झारी घेऊन धावत होते. आई दारात उभ्या राहून एकेकीला आपल्या बरण्या समजावून देत होत्या, जणू तासगावच्या सौद्यात आडत त्यांचीच होती. तेवढ्यात टाळवाल्या आजी आल्या. त्यांनी बरण्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिल्या, पुन्हा उलट पाहिल्या.

"आणि जायफळाची कुठली?"

स्वयंपाकघरात शांतता पसरली. मग पेटीवाल्या मावशी म्हणाल्या, "असेल तर मलाही तीच." काकवीवाल्यांनी मत बदललं. करवंदवाल्या म्हणाल्या, "एकादशी आहे, तीच बरी." मोजलं तेव्हा नवांतल्या पाच जायफळाकडे गेल्या होत्या. मी आईंकडे पाहिलं. त्यांनी किसणी आधीच हातात घेतली होती.

चिकमगळूरचे मध्यम भाजलेले दाणे काढले, आईंनी दळून दिले, फिल्टरमध्ये अर्क लावला आणि दूध तापत ठेवलं. जायफळ मी काट्यावर ठेवू लागले, तर आईंनी ते उचलून घेतलं.

रात्री वहीत नोंद केली :

दाणे : चिकमगळूर, प्लांटेशन ए. दळण : बारीक रवा. दूध : दीड लिटर. जायफळ : हाताला येईल तेवढं. वेळ : दोन अभंग. शेरा : बरी.

आईंच्या रकान्यात 'बरी'च्या वर अजून काहीही गेलेलं नाही.